माणसं आणि डायनासोर एकत्र नांदणारं बेट रचायचं असेल तर

कथेसाठी, चित्रमालिकेसाठी किंवा खेळासाठी असं बेट उभं करायला बसलं की पहिला हात जातो पोशाखांकडे, मिरवणुकांकडे, डायनासोरच्या पाठीवरच्या अंबारीकडे. तिथेच गडबड होते. संस्कृती म्हणजे प्राण्याच्या अंगावर चढवलेली झूल नव्हे. तो प्राणी किती खातो, शेण कसं टाकतो, श्वास कसा घेतो, अंडी कधी घालतो, या प्रश्नांना गावानं काढलेली उत्तरं म्हणजे तिथली संस्कृती. म्हणून खालचा क्रम उलटा वाटला तरी तोच ठेवा: आधी जमीन, मग चारा, मग जुंपणी, शेण, अंडी, आणि सण-कायदे त्यातून निघतील तसे.

आधी बेट कुठे आहे ते ठरवा आणि एकच खोटं बोला

वाचक एक मोठं खोटं आनंदानं गिळतो, दुसऱ्याला अडखळतो. तुमचं खोटं एवढंच: ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या महाविनाशातून इथले डायनासोर वाचले. बाकी सगळं खऱ्या हिशोबानं चालू द्या.

स्टेगोसॉरस आणि टायरॅनोसॉरस एकाच कुरणात सोडू नका. त्या दोघांमध्ये सुमारे ८ कोटी वर्षांचं अंतर आहे. काळाच्या हिशोबात टायरॅनोसॉरस आपल्याला जास्त जवळचा. बेट मुख्य भूमीपासून कधी तुटलं यावर तिथले प्राणी ठरतात.

मराठी लेखकाला एक सोयीची जागा आयती मिळते. सेशेल्सची ग्रॅनाइटची बेटं हा भारतापासून तुटलेला तुकडा आहे, आणि तो तुटला दख्खनचा लाव्हा वाहत होता त्याच सुमाराला. तसाच आणखी एक तुकडा अरबी समुद्रात पाण्यावर उरला असं धरा. मग त्यावर उतरतील ते आपल्याच मातीतले प्राणी. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला सापडलेल्या आयसीसॉरससारखे लांब मानेचे टायटॅनोसॉर. गुजरातेतल्या रैयोलीचा, २००३ साली नाव मिळालेला राजासॉरस, म्हणजे डोक्यावर बुटकं शिंग असलेला शिकारी. आणि जबलपूरच्या लॅव्हिसुकससारखे हलके, दोन पायांवर पळणारे छोटे मांसाहारी. तीन शिंगांचा ट्रायसेराटॉप्स या यादीत नाही. वाईट वाटेल, पण सोडून द्या.

इतक्या काळात प्राणी बदललेले असणार, तेव्हा जुनी शास्त्रीय नावं जशीच्या तशी वापरू नका. गावकऱ्यांना ग्रीक येत नाही. इथे सोयीसाठी लांब मानेच्याला मानाडा, डोक्यावर टेंगूळ असलेल्या शिकाऱ्याला टेंगळ्या आणि छोट्याला दातऱ्या म्हणू. दातऱ्याचे पुढचे दात बाहेर आलेले आहेत, मादागास्करच्या मासियाकासॉरससारखे. मासे पकडायला ते बरे पडतात.

माणसं आली ती मोसमी वाऱ्यांवर. हिवाळ्यातल्या ईशान्य वाऱ्यावर भारताच्या किनाऱ्यावरून आफ्रिकेकडे जायचं आणि नैऋत्य वाऱ्यावर परतायचं, हा शेकडो वर्षांचा व्यवहार. चौल, दाभोळ, मलबार, ओमान, झांझिबार अशी सगळीकडची माणसं एका बंदरात थांबली की बोलीत, जेवणात आणि देवांत काय मिसळेल ते तुम्हाला सुचेलच.

क्षेत्रफळाचा हिशोब कागदावर करा

ही पायरी बहुतेक जण टाळतात, आणि मग दहा किलोमीटरच्या बेटावर शंभर राक्षसी शिकारी हिंडताना दिसतात.

बेट साधारण सिंधुदुर्ग जिल्ह्याएवढं घ्या: ५,२०० चौरस किलोमीटर. अर्ध्यावर जंगल, म्हणजे २,६०० चौ.किमी. आता प्राणी लहान करा. अडकलेल्या बेटावर मोठे प्राणी पिढ्यानपिढ्या आकारानं घटतात. सिसिलीत मीटरभर उंचीचे हत्ती होऊन गेले. रोमानियातल्या हात्सेगच्या प्राचीन बेटावर मॅग्यारोसॉरस हा टायटॅनोसॉर जेमतेम ६ मीटर लांब आणि टनाच्या आसपास भरायचा. आपला मानाडा तेवढाच: ६ मीटर, १,००० किलो. चौरस किलोमीटरला एक धरला तर २,६०० मानाडे, एकूण २६ लाख किलो.

शिकाऱ्यांचा आकडा इथून काढायचा. सस्तन शिकाऱ्यांसाठी एक ढोबळ प्रमाण प्रसिद्ध आहे: १०,००० किलो भक्ष्यावर सुमारे ९० किलो शिकारी पोसला जातो. त्या हिशोबानं २६ लाख किलोवर २३,४०० किलो शिकारी. टेंगळ्या ५०० किलोचा असेल तर अख्ख्या बेटावर फक्त ४६ किंवा ४७. इतक्या कमी संख्येत नात्यातच जोड्या लागतात आणि वंश खंगतो. उपाय दोन. टेंगळ्याला २५० किलोवर आणा, संख्या ९०च्या वर जाईल. किंवा त्याचं रक्त जरा थंड ठेवा. कमी ऊर्जेवर जगणारा प्राणी त्याच जंगलात कितीतरी जास्त संख्येनं राहू शकतो, कोमोडो बेटांवरच्या घोरपडींसारखा. कोणताही उपाय घ्या, पण टेंगळ्ये मोजकेच आहेत हे गावाला माहीत असू द्या. मोजके असले की प्रत्येकाला नाव असतं, प्रत्येकाची खोड ठाऊक असते, आणि एखादा मारला गेला तर ती गावकीच्या बैठकीची बाब होते.

चारा: संध्याकाळी सोडा, सकाळी शोधा

चार टनांचा हत्ती दिवसाला साधारण १५० किलो हिरवा चारा खातो. खाणं वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, वजनाच्या पाऊण घाताने वाढतं. म्हणून एक टनाच्या मानाड्याला ३७ नव्हे, सुमारे ५३ किलो लागतं. साठ घरांच्या गावात बारा कामाचे मानाडे असतील तर रोज ६३५ किलो ओला चारा. एक माणूस दिवसभर विळ्यानं शंभर किलो कापतो असं धरलं तर सहा-सात माणसं फक्त चाऱ्याला. एवढी माणसं गावाला परवडत नाहीत.

त्यामुळे गोठ्याची कल्पना सोडा. ब्रह्मदेशातले सागवान ओढणारे हत्ती काम संपलं की रात्री जंगलात चरायला सोडतात आणि पहाटे माहूत माग काढत जाऊन त्यांना परत आणतो. मानाड्यांचंही तेच. त्यातून वस्तू निघतात: गळ्यातली लाकडी घंटा, जिचा आवाज घरागणिक वेगळा, आणि फार लांब जाऊ नये म्हणून अडकवलेलं लोढणं. घंटा धातूची नको. पावसाळी झाडीत लाकडाचा बोदा आवाज बरा पोचतो, शिवाय तो मानाड्याला स्वतःलाही नीट ऐकू येतो (त्याबद्दल पुढे). सकाळी प्राणी आणणारी पोरं-पोरी हा बेटावरचा पहिला खरा व्यवसाय आहे, माहुताच्याही आधीचा.

आणि भात. चंद्रपूरजवळच्याच पिसदुऱ्याला सापडलेल्या अश्म झालेल्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण मिळाले, २००५ साली ते प्रसिद्ध झालं. पुढच्या अभ्यासात त्यात भाताच्या कुळाच्या जवळचे प्रकारही दिसले. मतलब काय, मानाड्याला भात आवडणारच. कुंपण कसं घालायचं ते त्याच्या मानेवर ठरतं. मान दोन मीटर पुढे पोचते, तेव्हा चार फुटी गडगा बांधून उपयोग नाही, तो वरून खातो. गडगा पिकापासून अडीच मीटर लांब हवा आणि मधल्या पट्ट्यात त्याला न आवडणारं काहीतरी: हळद, मिरची, निवडुंग. हत्तींसाठी खणतात तसा दोन मीटर खोल चर जांभ्याच्या कातळात खणवत नाही, आणि मातीत खणला तर आषाढात गाळानं भरतो. चर दरवर्षी मार्गशीर्षात उपसावा लागतो. हे काम सगळ्या गावानं मिळून करायचं, आणि ज्याच्या घरचं माणूस आलं नाही त्याच्या शेतातलं नुकसान गाव भरून देत नाही. हा नियम लिहिलात की पंचायत आपोआप उभी राहते.

घरांचंही तसंच. सहा-साडेसहा फुटांवरची पेंढ्याची वळचण म्हणजे मानाड्याला ताटात वाढलेलं जेवण. म्हणून छपरं नळीच्या कौलांची. ज्याला कौलं परवडत नाहीत त्याची वळचण खाल्ली जाते. गरिबी दाखवायला यापेक्षा वेगळं वर्णन लागत नाही.

जुंपणी: इथे बहुतेक चित्रं चुकतात

घोड्याचं खोगीर किंवा हत्तीची अंबारी उचलून डायनासोरवर ठेवली की तीन चुका होतात.

पहिली तंगाची. टायटॅनोसॉरच्या मणक्यांमध्ये हवेच्या पोकळ्या होत्या, म्हणजे पक्ष्यांसारख्या वायुकोशांनी चालणारी श्वसनव्यवस्था. पक्षी छातीचा पिंजरा हलवून श्वास घेतो. त्याला घट्ट मुठीत धरलं तर तो गुदमरतो. मानाड्याच्या छातीभोवती घोड्यासारखा तंग आवळला तर चढावर तो बसेल आणि उठणार नाही. ओझ्याचा भार खांद्यांच्या पुढून जाणाऱ्या रुंद पट्ट्यावर घ्या, पोटाखालचा पट्टा फक्त खोगीर घसरू नये इतपत, आणि त्यात पंजा आडवा शिरला पाहिजे. शिकाऊ माहुताची पहिली परीक्षा हीच ठेवा.

दुसरी चूक दुमचीची, म्हणजे खोगीर पुढे सरकू नये म्हणून शेपटीखालून घेतलेल्या दोराची. डायनासोरचा मागचा पाय मागे ओढणारा मुख्य स्नायू शेपटीच्या बुडातून मांडीच्या हाडाला जोडलेला असतो. शेपटी म्हणजे त्याचं इंजिन. शेपटीच्या मुळाशी दोर बांधला की प्रत्येक पावलाला तो स्नायू घासतो, आठवड्यात लंगडेपणा येतो. उतारावर खोगीर पुढे सरकू नये यासाठी दुमचीऐवजी नितंबांच्या बाजूंनी दोन दोर घेऊन ते मागच्या ओझ्याला बांधावेत, शेपटी मोकळी.

तिसरी, बसायची जागा. मानेवर बसलेला राऊत चित्रात छान दिसतो, पण मानेचे मणके आतून पोकळ आणि मान सतत हलती. जागा खांद्यांच्या बरोबर वर.

ओझं वजनाच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत, म्हणजे १०० किलो: एक माणूस आणि थोडं सामान. अंबारीत बसलेलं आख्खं राजघराणं विसरा. ओढायला मात्र तो चांगला. पण अडीच मीटर शेपूट मागे असताना गाडी कुठे जोडणार? दांड्या शेपटीच्या दोन्ही बाजूंनी मागे न्याव्या लागतात, गाडीचा पुढचा कठडा मागच्या पायांपासून तीन मीटरवर. जनावर सहा मीटर, त्यामागे गाडी. हे लटांबर बैलगाडीच्या पाणंदीत वळत नाही. म्हणून गावातली वळणं रुंद, कोपऱ्यावरची घरं गोलसर, आणि कोपऱ्याच्या दगडावर दांड्यांनी पडलेले चरे. नकाशा काढताना काटकोन टाळा.

माणसाळवणं आणि पाळीव होणं यातला फरकही इथेच सोडवा. हत्ती हजारो वर्षं माणसाजवळ असूनही बहुतेक रानातून धरून आणलेला. त्याची पैदास माणसाच्या हातात फारशी आलीच नाही, कारण तो सावकाश वाढतो. मानाडा कामाला यायला दहा-बारा वर्षं लागत असतील तर तोही तसाच राहील. दातऱ्याचं वेगळं. तो लहान, वर्षा-दोन वर्षांत वाढणारा, खेकड्या-माशांवर जगणारा. खाडीतल्या मासेमाऱ्यांनी तो पाळलाच असणार: जपान आणि चीनमध्ये पाणकावळ्यांच्या गळ्याला दोरी बांधून मासे पकडवत, तसा. मोठा मासा गिळता येऊ नये इतकी आवळलेली दोरी, आणि दर काही माशांमागे एक त्याला. हिस्सा चुकवला की तो काम थांबवतो.

शेण

गाईच्या शेणानं अंगण सारवतात तसं बेटावर कुणी सारवताना दाखवू नका. बहुतेक पक्षी आणि सरपटणारे प्राणी लघवी वेगळी करत नाहीत. युरिक आम्लाचा पांढरा भाग विष्ठेसोबत एकाच वाटेनं बाहेर पडतो. डायनासोरचंही तसंच मानणं रास्त. ते ओलं सारवलंत तर अमोनियाच्या वासानं घरात बसवणार नाही. ताजं शेतात टाकलंत तर नत्र इतकं की रोपं करपतात, कोंबडीखतासारखी.

एक मानाडा दिवसाला तीस-पस्तीस किलो टाकतो असं धरा. बारांचे चारशे किलो. गावाच्या वाऱ्याच्या उलट बाजूला, ओढ्यापासून दूर, छप्पर घातलेला उकिरडा हवा. पालापाचोळा आणि शेण यांचे आलटून पालटून थर, दर पंधरवड्याला खालवर, आणि निदान एक पावसाळा मुरू द्यायचं. छप्पर नसेल तर पहिल्या पावसात सगळं नत्र धुऊन ओढ्यात जातं, पाणी हिरवं होतं, मासे मरतात. वरच्या वाडीचा उकिरडा आणि खालच्या वाडीची विहीर, यावरून बेटावर जितकी भांडणं होतील तितकी जमिनीवरून होणार नाहीत.

याच उकिरड्यात राजकारण आहे. नत्र असलेलं शेण, राख आणि चुनखडी यांचा ढीग कोरडा आणि हवेशीर ठेवला की पुढे त्यातून सोरा खरवडता येतो, आणि सोरा हा बंदुकीच्या दारूचा मुख्य घटक. सतराव्या-अठराव्या शतकात युरोपी कंपन्या भारतातून सोरा जहाजं भरभरून नेत होत्या. तुमचं बेट नकाशावर कुणाला का हवं असेल, याचं उत्तर डायनासोरच्या चमत्कारात नाही, या पांढऱ्या पुडीत आहे. गावानं सोरा विकायचा की लपवायचा, हा कादंबरीभर पुरणारा प्रश्न.

अंडी आणि पंचांग

मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात सापडलेल्या टायटॅनोसॉरच्या ९२ घरट्यांचा आणि २५६ अंड्यांचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. अंडी गोल, १५ ते १७ सेंटिमीटर व्यासाची. १६ सेंटिमीटरचा गोल म्हणजे दोन लिटरहून थोडं जास्त, कोंबडीची चाळीसेक अंडी. एका अंड्यात मोठं कुटुंब जेवतं, म्हणून अंडी काढण्यावर बंधन आधीपासूनच आहे असं दाखवा. बंधन नसतं तर चार पिढ्यांत मानाडे संपले असते.

अंडी वाळूमातीत पुरलेली, आई राखण करत नाही. सच्छिद्र कवचातून श्वास चालतो, त्यामुळे घरट्यात पाणी तुंबलं की अंडी बुडून मरतात. उबायला किती लागेल? अंड्यातल्या डायनासोर पिलांच्या दातांतल्या वाढीच्या रेषा मोजून केलेल्या २०१७च्या अभ्यासात प्रोटोसेराटॉप्सला सुमारे तीन महिने आणि हिपॅक्रोसॉरसला जवळजवळ सहा महिने निघाले. मानाड्याला पाच धरा. पिलांना कोवळं गवत हवं, म्हणजे ती पावसाच्या तोंडावर बाहेर यायला हवीत. तेव्हा अंडी पौषात, पिलं ज्येष्ठात. आणि वळीव लवकर आला तर? घरटी बुडतात. बेटाचं सगळं पंचांग या एका भीतीभोवती बांधा. वैशाखात घरट्यांच्या माळाभोवती पाणी वळवायला चर खणायचे, त्या महिन्यात माळावर ढोर-माणूस कुणी जायचं नाही, लग्नाची वरातही वळसा घालून. कामाच्या माद्यांना पौषात जुंपायचं नाही. आपल्याकडच्या पोळ्यासारखा विसाव्याचा दिवस हवा असेल तर तो इथे येतो, श्रावणात नव्हे.

घरट्यांवर साप येतात. गुजरातेत धोली डुंगरीला साडेतीन मीटरचा सनाजे साप टायटॅनोसॉरच्या घरट्यातच, फुटलेल्या अंड्याजवळ आणि पिलाजवळ अश्म झालेला सापडला आहे. बेटावर त्याचे वंशज ठेवा. माळाच्या राखणदाराचं मुख्य काम माणसांना अडवणं नाही, साप हाकलणं आहे. मारायचे नाहीत, कारण सगळी पिलं जगली तर पाच वर्षांत भात उरणार नाही. हा हिशोब गावातल्या म्हाताऱ्यांना कळतो, तरुणांना पटत नाही.

आवाज आणि रंग

मोठ्या डायनासोरच्या कानाच्या रचनेवरून असा अंदाज आहे की त्यांना खालचे स्वर चांगले आणि ३,००० हर्ट्झच्या वरचे फारसे ऐकू येत नसावेत. आपला मानाडा लहान आहे, तेव्हा मर्यादा थोडी वर धरा. हुकूम द्यायचे ते ढोलावर किंवा घशातून काढलेल्या खर्जात. माणसांनी आपसात बोलायचं ते तीक्ष्ण शिट्टीत. कॅनरी बेटांपैकी ला गोमेरावर शिट्टीची आख्खी भाषा आहे, दऱ्यांपलीकडे पोचणारी. माहूत एकमेकांशी काय बोलतात ते जनावराला कळत नाही, ही सोय मिरवणुकीत भलतीच कामाची.

रंगांबाबत उलट. पक्षी आणि बरेच सरपटणारे प्राणी माणसापेक्षा जास्त रंग पाहतात. बैलाला लाल दिसत नाही, मानाड्याला दिसेल. म्हणून गावात रंग उधळायचे ते नियमानं: माळाच्या बंदीला एक रंग, धोक्याला एक, माहुताच्या मुंडाशाला एक. परक्या माणसानं चुकून धोक्याचा रंग नेसणं हा विनोदाचा चांगला प्रसंग होतो.

टेंगळ्याची शीव

शिकाऱ्याशी सहजीवन म्हणजे मैत्री नव्हे. सह्याद्रीत आणि वारली पाड्यांवर वाघोबाची ठाणी आहेत, चंद्र-सूर्य कोरलेल्या लाकडाच्या किंवा दगडाच्या मूर्ती. त्या भागात बिबटे आजही माणसांच्या आसपास राहतात. त्यामागची समज अशी की शिकारी शेजारी आहे, त्याचा मान ठेवायचा आणि लहान पोर तिन्हीसांजेला एकटं सोडायचं नाही. टेंगळ्याच्या शिवेवरचे दगड तसे असू द्या.

मेलेला मानाडा हजार किलोचा. कोकणासारख्या उकाड्यात दुसऱ्या दिवशी वास सुटतो आणि रात्रीत टेंगळ्ये वेशीवर येतात. प्रेत त्याच दिवशी ओढून न्यावं लागतं, त्याला बारा-पंधरा माणसं किंवा दोन मानाडे लागतात. मानाडे आपल्यातल्याचं प्रेत ओढायला नाखूश असतील का, ते तुम्ही ठरवा. ठरावीक जागी नेऊन टाकण्याचा विधी सुंदर दिसतो, पण तो घातक. एकाच जागी अन्न मिळायला लागलं की शिकारी तिथेच मुक्काम ठोकतो आणि माणसाची भीती विसरतो. कचऱ्यावरची कुत्री आणि त्यांच्यामागे येणारा बिबट्या हे आपण पाहतोच. म्हणून जागा खाडीपलीकडची आणि दर वेळी वेगळी, कुठली ते कौल लावून ठरवायचं. विधीला कारण मिळालं की तो खरा वाटतो.

बाहेरचं जग

मोठा मानाडा बेटाबाहेर नेता येत नाही. महिन्याच्या प्रवासाला त्याला १,६०० किलो चारा लागेल, पाणी वेगळं, आणि गलबतात तो उभा राहिला तर गलबत कलंडेल. पण पिलू दीड किलोच्या आसपास, कोंबडीच्या खुराड्यात मावणारं, जन्मल्या दिवसापासून स्वतः चरणारं. चोरी होणार ती याचीच, आणि ज्येष्ठात. नेमकं तेव्हाच नैऋत्य वारा उधाणलेला असतो आणि बंदर बंद होत आलेलं. चोराला एक तर त्या शेवटच्या चार-पाच दिवसांत निघायचं, नाहीतर भाद्रपदापर्यंत पिलू बेटावरच लपवून वाढवायचं, तेही रोज वाढत्या खुराकावर. बंदरावरच्या झडतीवाल्यांनी खुराडी आणि नारळाच्या टोपल्या आधी बघाव्यात, नंतर चाऱ्याचा हिशोब: ज्या घरात जनावर नाही आणि पेंढा मात्र संपतोय, त्या घराचं दार ठोठवावं.